नॉर्टन-बाजारचे घर : किंमत दगडांची की वस्तीची?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांच्या काळी घर बांधावे लागे आणि ते बांधता बांधता माणूस मेटाकुटीस येई. आज विलायतेत घर बांधावे लागत नाही. दीडदोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणी बांधलेले घर विकत घ्यावे लागते, आणि ते घेणारा माणूस तीस वर्षांसाठी स्वतःच गहाण पडतो. हे लिहिण्याचे निमित्त एका पत्राने दिले. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याचा मुलगा ऑक्सफर्डच्या एका इस्पितळात तंत्रज्ञ आहे. त्याची पत्नी शाळेत शिकविते. ऑक्सफर्डमधील घरांचे भाव झेपत नाहीत म्हणून तेथून वीसेक मैलांवर असलेल्या चिपिंग नॉर्टन या जुन्या बाजारगावी त्या दोघांनी दोन खोल्यांचे एक दगडी घर पाहिले आहे. घराचे वर्णन करून झाल्यावर तो लिहितो, “काका, बाबा असते तर ते काय म्हणाले असते? ‘कसेल त्याची जमीन’ म्हणून ज्यांनी आयुष्यभर मोर्चे काढले, त्यांचा मुलगा विलायतेत घरमालक होतो आहे. तुम्ही सगळे मला हसाल का?”

हसण्याचा प्रश्नच नाही. परंतु प्रश्न चांगला आहे, आणि तो त्या एकट्याचा नाही. चळवळीत हयात घालविलेल्या कितीतरी कार्यकर्त्यांची मुले आज देशात आणि परदेशात याच उंबरठ्यावर उभी आहेत. म्हणून त्याचे उत्तर खाजगी पत्रात न देता येथे देतो.

प्रथम त्या गावाविषयी. ‘चिपिंग’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ बाजार. आपल्याकडे चांदूर-बाजार आहे, तसे हे नॉर्टन-बाजार. तेराव्या शतकाच्या आरंभी जॉन राजाने येथे जत्रा भरविण्याची सनद दिली, आणि आजही दर बुधवारी तेथे आठवडी बाजार भरतो. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवरील मेंढ्यांच्या लोकरीवर हे गाव मोठे झाले. तेथील चर्चचे उंच दालन पंधराव्या शतकातील, लोकरीच्या पैशातून उभारलेले. चर्चच्या वाटेवर आठ खोल्यांची एक दगडी ओळ आहे. १६४० मध्ये हेन्री कॉर्निश नावाच्या गृहस्थाने आठ गरीब विधवांसाठी ती बांधून दिली. चौकात १८४२ चे नगरभवन. वस्ती सहासात हजारांची. मधाच्या रंगाचा दगड, उतरती छपरे, वळणावळणांच्या गल्ल्या. सुंदर गाव आहे, आणि ते सुंदर नाही असे सोंग आणण्याचे आम्हांला काही कारण नाही.

अशा गावातील घर-दलालांच्या काचेच्या खिडक्या पाहण्यासारख्या असतात. तेथे घराच्या छायाचित्राखाली घराची लांबीरुंदी थोडी आणि गावाचा इतिहास फार. ‘ऐतिहासिक बाजारपेठेचे गाव’, ‘विणकराचे जुने घर’, ‘मूळ तुळया व चूल शाबूत’ अशी ती भाषा असते. विकणारा काय विकतो आहे हे त्याने स्वतःच सांगून टाकलेले असते. तो चार भिंती विकत नाही. तो विणकर विकतो, बाजार विकतो, आठशे वर्षे विकतो. यांतली एकही वस्तू त्याने निर्माण केलेली नाही.

साधा हिशेब पाहा. दगडी भिंत वर्षागणिक जुनी होते. छप्पर गळू लागते, तुळईला कीड लागते. कोणतीही वापरातली वस्तू जुनी झाली की तिचे मोल उतरते. मोटार घ्या, पलंग घ्या. मग घरच तेवढे वयाबरोबर महाग कसे होते? १९९७ मध्ये इंग्लंडातील मध्यम घराची किंमत मध्यम वार्षिक कमाईच्या साधारण साडेतीनपट होती. २०२१ मध्ये ती नऊपटीवर गेली आणि त्यानंतर काहीशी उतरली तरी १९९७ च्या दुपटीहून अधिकच राहिली. या काळात दगड काही दुप्पट मजबूत झाला नाही. महाग झाली ती घराखालची जागा. आणि जागा महाग होते ती मालकाच्या घामाने नव्हे. भोवताली जी वस्ती, जे रस्ते, ज्या शाळा, जी रेल्वे आणि जी शांतता समाजाने उभी केलेली असते, तिने ती महाग होते. मालक त्या काळात काय करतो? तो झोपतो, उठतो आणि वाट पाहतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मुंग्यांचे हे वारूळ नॉर्टनमध्ये कोणी उभारले ते आता पाहू, कारण दलालाच्या खिडकीत इतिहासाचा हा भाग लावलेला नसतो.

गावाच्या पश्चिमेला खोलगटात एक भव्य इमारत आहे. घुमटातून वर गेलेले तिचे धुराडे दुरून दिसते. ही ब्लिस घराण्याची लोकरी कापडाची गिरणी, १८७२ ची. पिढ्यान् पिढ्या गावातील स्त्रीपुरुष तिच्या भोंग्यावर उठले. १९१३ च्या डिसेंबरात, संघटनेत सामील झालेल्या कामगारांना काढून टाकल्यावरून येथे संप झाला आणि तो पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत, अख्खा हिवाळा काढून, चालला. ॲनी कूपर या कामगार स्त्रीला त्या संपात तुरुंगात धाडण्यात आले. संप हरला. गिरणी १९८० मध्ये बंद पडली, आणि पुढे त्या इमारतीत खाजगी निवासाची सदनिका-वस्ती झाली. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वाक्यावर भाष्य करून सांगावयास नको. फरक इतकाच की इंग्रजांनी धुराडे राखले. धुराड्यामुळे भाव चढतो.

नॉर्टनच्या दक्षिणेस सहासात मैलांवर ॲस्कॉट नावाचे खेडे आहे. १८७३ मध्ये तेथील शेतमजुरांनी जोसेफ आर्च यांच्या नव्या शेतमजूर संघटनेच्या बळावर मजुरीवाढीसाठी काम बंद केले. शेतकऱ्याने शेजारच्या रॅम्सडेन गावाहून दोन तरुण कामाला आणले. ॲस्कॉटच्या बायका त्यांना वाटेत गाठून ‘परत जा’ म्हणाल्या. एवढ्यावरून त्या बायकांना नॉर्टनच्या न्यायासनापुढे उभे करण्यात आले. दोन न्यायाधीश होते, आणि दोघेही धर्मोपदेशक! त्यांनी सोळा जणींना सात किंवा दहा दिवसांची सक्तमजुरी ठोठावली. त्यांतील दोघींच्या कडेवर तान्ही मुले होती. बातमी पसरताच नॉर्टनच्या रस्त्यांत लोक लोटले आणि पोलीसठाण्याच्या काचा फुटल्या. मध्यरात्र उलटल्यावर त्या बायांना गाडीत घालून ऑक्सफर्डच्या तुरुंगात नेण्यात आले. देशभर बोभाटा झाला. ज्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली, तो दोनच वर्षांत, १८७५ मध्ये, बदलावा लागला. आज ॲस्कॉटच्या हिरवळीवर त्यांच्या स्मरणार्थ झाडाभोवती बैठक बांधलेली आहे. मात्र त्या बायांसारखी शेतमजुरी करणारी बाई आज त्या हिरवळीच्या काठचे घर आपल्या मजुरीवर विकत घेऊ शकत नाही.

याच पंचक्रोशीत आणखी एक खरेदी झाली होती, आणि तिचे धागे थेट आपल्याशी जुळतात. नॉर्टनलगतच्या चर्चिल या खेड्यात १७३२ मध्ये एक मुलगा जन्मला. त्याच्या घराण्याची डेल्सफर्डची पिढीजात जमीन हातची गेलेली होती. ती परत मिळवावयाची असा त्याने लहानपणीच पण केला म्हणतात. गावात राहून तो पुरा होणे शक्य नव्हते. तो हिंदुस्थानात आला. त्याचे नाव वॉरन हेस्टिंग्ज. काशीच्या चेतसिंगाची व अवधच्या बेगमांची हकीकत शाळेच्या पुस्तकात आहे. पहिले इंग्रज-मराठे युद्ध त्याच्याच अमदानीत झाले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले. परत गेल्यावर त्याने १७८८ मध्ये डेल्सफर्डची जमीन विकत घेतली आणि तेथे वाडा बांधला. याच वर्षी लंडनमध्ये त्याच्यावरचा महाभियोगही उभा राहिला. खटला सात वर्षे चालला, तो निर्दोष सुटला, आणि १८१८ मध्ये, ज्या साली पुण्याची पेशवाई बुडाली त्याच साली, आपल्या वाड्यात सुखाने मरण पावला. गावच्या मुलाला गावात जमीन घ्यावयाची तर बाहेरची लूट आणावी लागते, हा त्या खोऱ्याचा धडा असा सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. आज ती काशीहून येत नाही, लंडनच्या पेढ्यांतून येते. किंगहॅमच्या स्थानकावरून लंडन सुमारे दीड तासाच्या वाटेवर आहे. नॉर्टनचे स्वतःचे स्थानक मात्र १९६२ मध्येच उतारूंना बंद झाले.

आणि मुळात ही जमीन ‘हातची’ होते कशी व जाते कशी? १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने पाच हजारांवर कुंपण-कायदे करून अडुसष्ट लाख एकर सामायिक जमीन खाजगी कुंपणात घातली. कुंपणाने शेत खाल्ले ही आपली म्हण. इंग्रजांनी तिचा कायदा केला. नॉर्टनपासून अकराएक मैलांवरच्या बर्फर्ड गावात, १६४९ च्या मे महिन्यात, समतेची भाषा बोलणाऱ्या लेव्हलर सैनिकांपैकी तिघांना क्रॉमवेलने चर्चच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. त्याच वर्षी सरे परगण्यात सेंट जॉर्ज टेकडीवर विन्स्टन्ली आणि त्याचे डिगर साथी पडीक जमीन सर्वांची म्हणून खणावयास गेले होते. ती टेकडी आज पहारेकऱ्यांच्या फाटकाआड असलेली अतिश्रीमंतांची खाजगी वसाहत आहे. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी तेथवर एकदा जाऊन यावे.

आता प्रत्यक्ष खरेदीचा विधी. आमच्या पुतण्याने सांगितलेल्या भावाला विकणाऱ्याने होकार दिला. आपल्याकडे इसार दिला, इसारपावती झाली, की निदान शब्दाला काही वजन येते. इंग्लंडात नुसता होकार कायद्याने कोणालाच बांधीत नाही. वकील नेमावयाचा, दस्त तपासावयाचे, घराची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाला पैसे मोजावयाचे, पेढीकडे कर्जासाठी हेलपाटे घालावयाचे. यात महिने जातात. दोन्ही बाजूंचे करार एकमेकांच्या हाती पडेपर्यंत, म्हणजे साधारण दहा टक्के इसार भरेपर्यंत, विकणारा कोणत्याही क्षणी दुसऱ्याची चढी बोली स्वीकारू शकतो. या दोघांच्या पहिल्या घराच्या बाबतीत हेच झाले. रोख रक्कम घेऊन कोणी आला. वकील आणि तपासणी यांवर झालेला खर्च यांच्या अंगावर पडला. स्कॉटलंडात हा व्यवहार पुष्कळ आधी बांधला जातो. अर्थात ज्याच्याजवळ रोकड आहे त्याला या सैलपणाचा त्रास नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

पुढे कर्ज. समजा घर चार लाख पौंडांचे आहे, चाळीस हजार पदरचे घातले आणि तीन लाख साठ हजार पाच टक्के व्याजाने तीस वर्षांसाठी काढले. दरमहा एकोणीसशे पौंडांवर हप्ता बसतो, आणि कर्ज फिटेपर्यंत पेढीला जवळजवळ सात लाख मोजले जातात. म्हणजे घरमालक होऊ पाहणारे हे जोडपे जमिनीच्या आधीच्या मालकाला त्याने न केलेल्या कामाची किंमत देते, आणि ती देता यावी म्हणून पेढीला जवळपास तितकीच रक्कम व्याजापोटी देते. ही मालकी की कुळकी? आपल्या कुळकायद्याने कुळाला मालक केले. येथे मालक म्हणविणारा मनुष्यच तीस वर्षे खंड भरतो आणि खंड घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, एवढीच काय ती प्रगती.

एक मोठा विरोधाभास येथे नोंदला पाहिजे. ही गावे सुंदर राहिली ती बाजाराच्या कृपेने नव्हे. १९४७ च्या नगररचना कायद्याने वाटेल तेथे बांधण्याचा मालकाचा हक्क काढून घेतला आणि जुन्या इमारतींच्या संरक्षणयाद्या करण्याचे काम शासनावर टाकले. १९६७ च्या कायद्याने सबंध परिसर संरक्षित करण्याची सोय झाली. यादीतल्या घराची खिडकी परवानगीवाचून बदलणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे. दोन्ही कायदे मजूर पक्ष सत्तेवर असताना झाले. समाजाने कायदा करून सौंदर्य राखले, आणि त्या सौंदर्याची किंमत मालकाने खिशात घातली. जुन्या चुलीला हात लावावयाचा नाही असे कायदा सांगतो. त्या चुलीपुढे बसणाऱ्या माणसाविषयी तो काही सांगत नाही.

माणसाविषयी बोलणारा एक मंत्री होता. अन्युरिन बेव्हन हे १९४५ नंतर आरोग्याबरोबर घरबांधणीचेही मंत्री होते. नगरपालिकेची घरे केवळ गरिबांसाठी बांधावयाची नाहीत, ती चांगल्या दर्जाची आणि सर्वांसाठी बांधावयाची, असा त्यांचा आग्रह असे. जुन्या इंग्लिश आणि वेल्श खेड्यात डॉक्टर, वाणी, खाटीक आणि शेतमजूर एकाच रस्त्यावर राहत, तशी मिसळलेली वस्ती त्यांना हवी होती. जुन्या बाजारगावांतून घेण्यासारखे काय होते हे या खाणकामगाराच्या मुलाला कळले होते. त्याला छपरे नको होती, शेजार हवा होता. १९७९ मध्ये ब्रिटनमधील जवळजवळ तीनांतील एक कुटुंब नगरपालिकेच्या घरात राहत होते. १९८० च्या कायद्याने थॅचरबाईंनी ती घरे भाडेकरूंना तेहतीस ते पन्नास टक्के सवलतीने विकावयास काढली, आणि तेव्हापासून एकट्या इंग्लंडात अशी जवळजवळ वीस लाख घरे गेली. त्यांच्या जागी तितकी घरे बांधली गेली नाहीत. नव्या कायम भाडेकरूचे काय? १९८८ च्या कायद्याने खाजगी मालकाला कारण न सांगता भाडेकरू काढण्याची वाट मोकळी करून दिली. ती बंद करण्याचा कायदा व्हावयास २०२५ साल उजाडावे लागले. घर विकत घ्या नाहीतर कोणाच्या तरी मेहेरबानीवर राहा, एवढेच दोन पर्याय जेथे उरतात, तेथे विकत घेणाऱ्याला लोभी कसे म्हणावयाचे?

येथे आमच्याच माणसांशी भांडण आहे. नगरपालिकेचे घर विकत घेणाऱ्या इंग्लिश कामगाराला तेथील डाव्यांनी वर्गद्रोही ठरविले. ज्या माणसाला पालिकेच्या परवानगीवाचून स्वतःच्या दाराचा रंगही कित्येक ठिकाणी बदलता येत नव्हता, त्याला दार स्वतःचे व्हावेसे वाटले यात द्रोह कसला? थॅचरबाईंनी त्याच्या मनातली ही साधी इच्छा ओळखली आणि तिच्या आड समाजाची संपत्ती लिलावात काढली. आम्ही मात्र इच्छेलाच दोष देत बसलो. नोएल स्केल्टन नावाच्या हुजूर पक्षीयाने १९२३ मध्येच ‘मालमत्ताधारकांची लोकशाही’ असा शब्द घडविला होता. साठ वर्षांत आम्हांला त्याला उत्तर देणारा शब्द घडविता आला नाही. घर आणि घराखालची जमीन यांतला फरक आम्ही कामगाराला कधी नीट सांगितलाच नाही. छप्पर, भिंती, दाराचा रंग, परसातले गुलाब हे राहणाऱ्याचे. ते त्याच्यापासून कोणी हिरावू नये. गावाने जमिनीला आणलेले मोल गावाचे. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेत कसण्याला मान होता, मालकीला नव्हता, हे तरी आपण विसरू नये.

दुसरे एक उत्तर हल्ली तेथे जोरात आहे आणि ते आपल्याला फार ओळखीचे वाटेल. परके आले म्हणून घरे महागली! भूमिपुत्रांचे हे राजकारण नॉर्टनमध्ये कोणाविरुद्ध वळते? रोख पैसे देऊन आठवड्याचे दोन दिवस राहावयास येणाऱ्या लंडनच्या सावकाराविरुद्ध नव्हे. तो तर गावची शान. ते वळते इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या, काळ्यासावळ्या, हप्त्याने घर घेणाऱ्या माणसाविरुद्ध. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज येथे २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळतील असे ठरविले. हेतू चांगला होता, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. परंतु नियम फक्त नव्या घरांना लागू, जुनी घरे मोकळीच. श्रीमंतांना हवी असतात ती जुनीच.

तिसरे उत्तर बांधकामवाल्यांचे : नियम काढा, वाटेल तेवढे बांधू द्या, भाव आपोआप उतरतील. घरे बांधली पाहिजेत हे खरेच आहे. परंतु शेताच्या तुकड्यावर बांधकामाचा परवाना पडताच त्याचा भाव शेतीच्या भावाच्या शंभरपटीच्या घरात जातो. परवाना कोण देतो? लोकांनी निवडलेली परिषद. आणि शंभरपट कोणाला मिळते? हा प्रश्न न विचारता नुसते बांधत सुटणे म्हणजे नागोबासाठी आणखी बिळे खणणे होय.

तो प्रश्न इंग्लंडने एकदा नव्हे, चार वेळा विचारला होता, आणि चारही वेळा उत्तर पुसून टाकले. लॉइड जॉर्ज यांनी १९०९ च्या अंदाजपत्रकात जमिनीच्या आपोआप वाढलेल्या मूल्यावर वीस टक्के कर घातला. सरदारांच्या सभागृहाने अंदाजपत्रकच फेटाळले, त्यातून ते सभागृह १९११ मध्ये पंगू झाले. पण १९२० मध्ये तो कर रद्द झाला, आणि त्या वेळी पंतप्रधान होते खुद्द लॉइड जॉर्ज! त्या मूळ लढ्यात जमीनदारांच्या मक्तेदारीवर आग पाखडणाऱ्यांत विन्स्टन चर्चिलही होते. ते तेव्हा लिबरल होते, आणि नॉर्टनपासून फार दूर नसलेल्या ब्लेनहाइमच्या प्रासादात जन्मलेले होते. कोणी कोठे जन्मावे याला नियम नाही. नंतर १९४७ च्या कायद्याने विकासाने वाढणारे सगळे मूल्य, शंभर टक्के, समाजाचे ठरविले. हुजूर पक्षाने १९५३ मध्ये ती आकारणी रद्द केली, परवाना-पद्धत मात्र ठेवली. या एका कृत्याने परवान्याचे मोल जमीनमालकाच्या पदरात पडले. १९६७ मध्ये भूमी आयोग आला, चाळीस टक्के आकारणी आली. १९७१ मध्ये दोन्ही गेले. १९७५ चा सामूहिक भूमी कायदा आणि १९७६ चा विकास-भूमी कर यांतला पहिला १९८० मध्ये आणि दुसरा १९८५ मध्ये संपला. दर वेळी जमीनमालकांनी एकच युक्ती केली : जमीन विकावयाची नाही, पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावयाचे. त्यांच्या हाती सवड होती. बेघराला सवड नसते.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी लेचवर्थ पाहावे. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतून १९०३ मध्ये वसलेल्या या उद्याननगरीत जमीन नगराच्या वतीने एकत्र राखली गेली, आणि आजही तेथील विश्वस्त संस्था मिळकतीचे उत्पन्न गावातच घालते. १९४६ नंतरची स्टीव्हनेजसारखी नवी नगरे शेतीच्या भावाच्या जवळपास घेतलेल्या जमिनीवर उभी राहिली, म्हणूनच कामगारांना तेथे घरे मिळू शकली. २०२३ च्या एका कायद्याने परवडणाऱ्या घरांसाठी जमीन संपादन करताना भावी परवान्याच्या आशेची किंमत न देण्याची मुभा काही प्रकरणी सरकारी संस्थांना मिळाली आहे, आणि तो कायदा हुजूर पक्षाच्या राजवटीत झाला हे विशेष. दार किलकिले झाले आहे. त्याला पाय लावून ठेवावयास कोण पुढे येते ते पाहावयाचे.

आणि तोवर चालू काय आहे, तर नगरपट्टीची थट्टा. इंग्लंडात घरावरची नगरपट्टी १ एप्रिल १९९१ च्या अंदाजी किमतीवर बसते. त्यानंतर तेथे एकदाही फेरमूल्यांकन झालेले नाही. वरच्या टोकाच्या गटातील वाडा खालच्या टोकाच्या खोलीच्या फक्त तिप्पट पट्टी देतो, मग त्याची किंमत वीसपट का असेना. घर विकताना २०२० नंतरचा भाव आणि पट्टी भरताना १९९१ चा! कोणत्याही बाजारात एकाच मालाला एकाच माणसाने असे दोन भाव सांगितले तर लोक त्याला हाकलून देतील. परंतु हा प्रश्न हाती घेण्याची छाती हुजूर पक्षाला नाही आणि मजूर पक्षालाही नाही. १९९७ पासून तेरा वर्षे सत्ता असूनही मजूर पक्षाने इंग्लंडात ते फेरमूल्यांकन टाळले. मध्यमवर्गाची मते जातील ही भीती. त्याच मध्यमवर्गाची मुले आज घराविना आहेत हे मात्र कोणी त्यांना समजावून सांगत नाही.

पुतण्याला मी लिहिले आहे की, घर घे. तुझ्या वडिलांनीही घे म्हटले असते. त्यांची हयात भाड्याच्या दोन खोल्यांत गेली आणि मालकाच्या पागडीच्या गोष्टी ऐकून ते किती कष्टी होत हे मला ठाऊक आहे. घराचा भाव चढला म्हणजे आपण कमावले असे मात्र समजू नकोस, आणि भाव उतरविणाऱ्या कायद्याला विरोध करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहू नकोस. कठीण आहे, हप्ते डोक्यावर असताना फार कठीण आहे, हेही लिहिले. त्याचे उत्तर आले. एका रविवारी दोघे ॲस्कॉटला जाऊन त्या झाडाखाली बसून आली. पुढच्या निवडणुकीत मते मागावयास दारात येणाऱ्या उमेदवाराला नगरपट्टी अजून १९९१ च्या किमतीवर का, असे विचारले तर तो काय सांगेल, असे त्याने विचारले आहे. मला ठाऊक नाही. विचारून कळव, असे मी उलटटपाली लिहिले आहे.